बीए दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या अर्थशास्त्राच्या पोरांना सल्ला देताना आधी काय पाहता?

पऱ्हाटी (धागाकर्ता)
प्रवेशाच्या दिवसांत सल्ला देणारे पानठेल्यापासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत कुठेही भेटतात. पहिलं वर्ष संपलं की पोरगं एकटं पडतं. दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरताना कोणी विचारत नाही की बापा, तुझं नेमकं काय सुटलं आणि काय राहिलं.

तालुक्याच्या कॉलेजात एका शिक्षकाकडे मेंटॉर म्हणून वीस-पंचवीस पोरं येतात. मेंटॉर-मेंटीची वही नॅकसाठी (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेसाठी) भरतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, ती घडीभर बाजूला ठेवा. समजा खरंच एका पोराला पंधरा मिनिटं द्यायची आहेत. अर्थशास्त्र मेजर म्हणजे मुख्य विषय, सत्र ३ किंवा सत्र ५ सुरू होतंय. त्या पंधरा मिनिटांत काय पाहाल?

माझं मत आधीच सांगतो: पहिले गुणपत्रिका, मग स्वप्न. ‘तुला पुढे काय व्हायचं आहे’ हा प्रश्न पहिल्या मिनिटाला विचारला तर उत्तर ठरलेलं असतं, एमपीएससी. आणि त्या उत्तरावरून सत्र ३ मध्ये कोणता पेपर घ्यावा हे काही कळत नाही.

सातबारा
सहमत. फक्त गुणपत्रिका नुसती वाचू नका, खतावणी मांडा. नव्या शैक्षणिक धोरणाच्या राज्याच्या आराखड्यात एका सत्राला २० ते २२ क्रेडिट (तासांवर मोजलेलं पेपरचं वजन) असतात, म्हणजे वर्षाला ४० ते ४४ आणि तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२. बेरीज सगळेच करतात. घोळ बेरजेत नसतो, रकान्यांत असतो.

एका कागदावर उभे रकाने पाडा: मेजर, मायनर (दुय्यम विषय), ओई (दुसऱ्या शाखेचा खुला पेपर), व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एसईसी (कौशल्यवृद्धी), एईसी (भाषा वगैरे क्षमतावृद्धी), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञानप्रणाली), सीसी (एनएसएस, खेळ असे सहअभ्यासक्रम), आणि शेवटी फिल्ड प्रोजेक्ट, सीईपी (समाजात जाऊन काम), ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण). आडव्या ओळींत सत्रं. प्रत्येक चौकोनात मिळालेले क्रेडिट पेनाने, राहिलेले पेन्सिलीने. बऱ्याचदा एकूण ४४ बरोबर येतात, पण ओईचे दोन जास्त असतात आणि एईसीचे दोन कमी. निकालपत्रावर ‘उत्तीर्ण’ लिहिलेलं असल्यामुळे पोरगं निवांत असतं. ही कमतरता सत्र ६ च्या निकालात वर येते, तेव्हा एका दोन क्रेडिटच्या पेपरासाठी पदवी सहा महिने पुढे जाते.

दुसरा नेहमीचा घोळ सीसीचा. एनएसएस किंवा खेळाचं प्रमाणपत्र विभागाकडे जमाच केलेलं नसतं. काम झालेलं, क्रेडिट मात्र लागलेले नाहीत.

ठेचा_भाकर
म्हणजे शिबिरात फावडं चालवलं ते गेलं मातीत. 😀

हिवाळी_उन्हाळी
परीक्षा विभागाच्या बाजूने दोन गोष्टी.

निकालात ‘एबी’ म्हणजे गैरहजर दिसलं की पोरगं म्हणतं, सर मी पेपर दिला होता. थेट पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरू नका, पैसे वाया जातात. आधी पाहा की ‘एबी’ लेखी परीक्षेच्या रकान्यात आहे की अंतर्गत गुणांच्या. अंतर्गतमध्ये असेल तर बहुतेक वेळा गुण पोर्टलवर चढलेलेच नसतात किंवा दुसऱ्याच बैठक क्रमांकावर चढलेले असतात. विभागातून अंतर्गत परीक्षेच्या हजेरीपटाची आणि गुणतक्त्याची सत्यप्रत घ्या, प्राचार्यांच्या सहीचं पत्र जोडा आणि कॉलेजमार्फत पाठवा. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. लेखीमध्ये असेल तर केंद्रावरचा स्वाक्षरीपट मागवावा लागतो, तिथे हॉलतिकीट जपलेलं कामी येतं.

गुण कमी वाटतात अशी तक्रार असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत, मग पुनर्मूल्यांकन. छायाप्रतीत तीन ठिकाणी पाहा: आतल्या गुणांची बेरीज पहिल्या पानाशी जुळते का, पुरवणी मोजली आहे का, एखादं उत्तर न तपासता सुटलं आहे का. मुदत निकालाच्या तारखेपासून चालू होते, गुणपत्रिका हातात आल्यापासून नाही. खेड्यातलं पोरगं हमखास इथेच चुकतं.

परीक्षेच्या फॉर्मवर मायनरचा कोड तपासा. मायनर भूगोल असताना हॉलतिकिटावर राज्यशास्त्र छापून येणं काही नवं नाही. फॉर्म भरण्याच्या मुदतीत ही दुरुस्ती दहा मिनिटांची असते. पेपरच्या दिवशी ती कोणाच्याच हातात नसते.

सीमांत
कागदपत्रं होतील हो. सत्र ३ ला खरी अडचण गणिताची आहे. कला शाखेच्या पोराचं गणित दहावीनंतर बंद झालेलं असतं, आणि दुसऱ्या वर्षी स्थूल अर्थशास्त्र नि सांख्यिकी एकदम अंगावर येतात.

सल्ला देणाऱ्याने पाठीवर हात ठेवण्याआधी एक गणित सोडवायला द्यावं. कांद्याचा भाव ४० वरून ५० झाला, मागणी १०० किलोवरून ९० वर आली. लवचिकता किती? निम्म्याहून जास्त पोरं १० ला १० ने भागतात आणि ‘एक, म्हणजे एकक लवचिक’ असं छातीठोक लिहितात. खरं म्हणजे मागणीतला बदल १० टक्के, किमतीतला २५ टक्के, उत्तर ०.४, मागणी अलवचिक. या पोराला व्याख्या पाठ आहे. त्याला टक्केवारी येत नाही. अशाला ‘अर्थशास्त्राचा अभ्यास वाढव’ म्हणून उपयोग नाही, सातवी-आठवीचं शेकडेवारीचं पुस्तक द्या.

दुसरी चाचणी गुणकाची. सीमांत उपभोग प्रवृत्ती (वाढीव उत्पन्नातला खर्च होणारा हिस्सा) ०.८ तर गुणक, म्हणजे १ भागिले (१ वजा ०.८), ५. उत्तर १.२५ आलं तर पोराने १ ला ०.८ नेच भागलं, वजाबाकी विसरलं. उत्तर ५ आलं तर पुढे विचारा की ५ म्हणजे काय. ‘गुंतवणूक शंभर रुपयांनी वाढली तर उत्पन्न पाचशेने वाढतं’ असं सांगता आलं तर पोरगं ठीक आहे, सत्र ३ झेपेल.

एवढ्या दोन गणितांना सहा मिनिटं लागतात, आणि गुणपत्रिकेपेक्षा जास्त कळतं.

पूर्णाकाठ
सीमांत साहेब, मान्य. पण सगळ्या पोरांना अवकलन शिकवायची काय गरज? नव्वद टक्के पोरं स्पर्धा परीक्षेलाच जाणार. तिथे चालू घडामोडी आणि भारतीय अर्थव्यवस्था पुरते. उगाच गणिताचं भूत दाखवलं की पोरगं अर्थशास्त्र सोडून मराठी वाङ्मय मेजर घेतं, आणि विभागाची संख्या घसरते ते वेगळंच.

सीमांत
हा हिशोब जुना झाला. २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. एकूण १७५० गुण, त्यात वैकल्पिक विषयाचे दोन पेपर प्रत्येकी २५० चे. अर्थशास्त्र वैकल्पिक घ्यायचं तर सूक्ष्म आणि स्थूल दोन्ही आकृतीसकट लिहावं लागतं. बीएच्या सत्र ३ ते ६ मध्ये जे मन लावून केलं तेच तिथे वापरायचं आहे. म्हणजे एमपीएससीवाल्या पोराला स्थूल अर्थशास्त्र, सार्वजनिक वित्त आणि आंतरराष्ट्रीय व्यापार जास्त गरजेचे झाले.

आणि ज्याला भारतीय आर्थिक सेवा म्हणजे आयईएस करायची आहे त्याला दुसऱ्या वर्षीच दोन गोष्टी स्पष्ट सांगा. नुसत्या बीएवर तिथे बसता येत नाही, अर्थशास्त्र किंवा त्याच्याशी निगडित विषयात पदव्युत्तर पदवी लागते. आणि उत्तरं इंग्रजीतच लिहायची असतात. हे तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कळलं तर तोवर वेळ गेलेला असतो.

कास्तकार_पोट्टा
एमए बाहेर करायचं असेल तर? दिल्ली, हैदराबाद वगैरे.

सीमांत
सीयूईटी-पीजी, म्हणजे एमएची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा. अर्थशास्त्राचा पेपर ७५ प्रश्नांचा, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. माध्यम इंग्रजी किंवा हिंदी, मराठी नाही. म्हणून मराठी माध्यमाच्या पोराला सत्र ३ पासून दोन रकान्यांची वही करायला लावा. डावीकडे ‘सीमांत उपभोग प्रवृत्ती’, उजवीकडे ‘मार्जिनल प्रॉपेन्सिटी टू कन्झ्यूम’. रोज पाच शब्द, वर्षभरात पुरून उरतील. मराठीतच तटस्थता वक्र, उदासीनता वक्र, समवृत्ती वक्र अशी एकाच वक्राची तीन नावं पुस्तकागणिक फिरतात, ती एकाच ओळीत लिहा. नाही तर पोरगं तीन वेगळे वक्र समजून बसतं.

ठेचा_भाकर
उदासीनता वक्र तं आमच्या शेवटच्या बाकावर रोज दिसते.

वाघूर्डी
मायनरवर कोणीच बोललं नाही. काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय बरोबरीने घ्यायचे आणि दुसऱ्या वर्षाला जाताना त्यातला एक मेजर, एक मायनर ठरवायचा अशी रचना आहे. तिथे सत्र ३ चा फॉर्म हाच खरा प्रवेश आहे. तिसरा विषय सुटला की मागे परतणं फार अवघड.

अर्थशास्त्रासोबत संख्याशास्त्र मिळालं तर डोळे झाकून घ्या, पण ग्रामीण कॉलेजात ते असतं कुठे! मग जे आहे त्यातून: भूगोल घेतला तर नकाशे, लोकसंख्या, शेती यांचा प्रकल्पाला थेट उपयोग होतो. राज्यशास्त्र किंवा लोकप्रशासन घेतलं तर सार्वजनिक वित्त सोपं जातं, ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प समजतो. इतिहास वाईट नाही. गृहअर्थशास्त्राबद्दल मात्र एकदा स्पष्ट करून टाकू. ते चांगलं शास्त्र आहे, आहार, वस्त्र, बालविकास सगळं आहे, पण नावात ‘अर्थशास्त्र’ आहे म्हणून ते मेजरला पूरक आहे असं समजून दरवर्षी पोरी ते घेतात. घ्यायचं तर त्याच्यासाठी घ्या, नावासाठी नको.

पऱ्हाटी
हा गृहअर्थशास्त्राचा मुद्दा सूचना फलकावर लावायला हवा.

रोडगे_वांगे
हजेरीचं काय? ७५ टक्के म्हणता. जून-जुलैत पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीनची सवंगणी म्हणजे कापणी, दिवाळीपासून कापसाचा वेचा. सत्र ३ आणि ५ नेमकी यातच येतात. पोरगं वावरात नाही जाईल तं काय करील?

सातबारा
जाईलच. म्हणून सल्ला ‘रोज या’ असा देऊ नका, वेळापत्रक मांडून द्या. सवंगणीचे साधारण दोन आठवडे धरून ठेवा आणि बाकीच्या दिवसांत सुटी घेऊ नका असं सांगा. अंतर्गत परीक्षा आणि असाइनमेंटच्या तारखा सत्राच्या सुरुवातीलाच विभागाकडून घ्या, त्या सवंगणीवर येत असतील तर विभागप्रमुखांशी आधी बोला. आधी बोललेलं ऐकतात. नंतरच्या अर्जाला किंमत नसते.

एसटीचा पासही पाहा. विद्यार्थी पासला ६६.६७ टक्के सवलत आहे, महिनाभराच्या प्रवासाला साधारण दहा दिवसांचं भाडं पडतं. पण त्यासाठी कॉलेजचा बोनाफाईड आणि सही-शिक्का लागतो, आणि जुलैत बाबूकडे रांग असते. पहिले पंधरा दिवस पास नाही म्हणून पोरं येत नाहीत, मग हजेरी कायमची मागे.

फिल्डबुक
आता माझ्या आवडीच्या विषयावर. फिल्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी. कॉलेजं याला उपचार समजतात, पण गावातल्या अर्थशास्त्राच्या पोराकडे शहरातल्या पोरापेक्षा जास्त माल आहे तो इथेच.

राज्याच्या आराखड्यात साधारण सत्र ३ ला फिल्ड प्रोजेक्ट, सत्र ४ ला सीईपी, सत्र ५ ला त्यातलं एक, आणि सत्र ६ ला ४ क्रेडिटची ओजेटी असा क्रम दिसतो. काही कॉलेजांनी तो मागेपुढे केला आहे, तेव्हा आपला आराखडा समोर ठेवूनच बोला. प्रात्यक्षिक कामाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. म्हणजे २ क्रेडिटचा प्रोजेक्ट ६० तासांचा, ओजेटी १२० तासांची, रोज सहा तास धरले तर २० दिवस.

प्रोजेक्टचा विषय ‘भारतातील शेतीच्या समस्या’ असा असेल तर परत पाठवा. विषय एवढा हवा: ‘अमुक गावातल्या ३० कास्तकारांना सोयाबीनचा मिळालेला भाव आणि हमीभाव यांतली तफावत’. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल आहे, त्याला धरून मोजायचं.

प्रश्नावलीत ‘भाव परवडला का?’ हा प्रश्न घालू नका. तिसही जण ‘नाही’ म्हणतील, पुढे काय लिहिणार? विचारायचं ते असं: विक्रीची तारीख, क्विंटल, दर, ओलावा किती लावला, वजनातून कडता (घट) किती कापला, हमाली-तोलाई किती, पैसे कधी मिळाले. आणि तोंडी उत्तर नको, विक्रीची पट्टी (पावती) पाहा. तोंडी भाव नेहमी गोल असतो. पट्टीवरचा गोल नसतो.

मग सरासरी. इथे सगळे चुकतात. एकाने २ क्विंटल ४,४०० ने विकलं, दुसऱ्याने १८ क्विंटल ४,००० ने. पोरगं दोन दरांची सरासरी काढतं, ४,२००. खरी सरासरी वजनाने काढायची: ८,८०० आणि ७२,००० मिळून ८०,८००, भागिले २०, म्हणजे ४,०४०. दोन सरासरींत क्विंटलमागे १६० रुपयांचा फरक. भारित सरासरी सांख्यिकीच्या पेपरात पाठ केलेली असते, बाजार समितीत गेल्यावर आठवत नाही. हे एक उदाहरण तोंडी परीक्षेत नीट सांगता आलं तरी मार्गदर्शकाचं काम झालं.

वाघूर्डी
ओजेटीला पाठवायचं कुठे पण? कंपन्या तर नाहीत.

फिल्डबुक
बाजार समिती, सेवा सोसायटी, पतसंस्था, शेतकरी उत्पादक कंपनी, जिनिंग, बचत गटांचा ग्रामसंघ, ग्रामपंचायत. ही सगळी अर्थशास्त्राचीच कार्यालयं आहेत.

वेळेचं भान ठेवा. सत्र ६ हिवाळ्यात सुरू होतं. सेवा सोसायटीत ३१ मार्चच्या वसुलीची धांदल असते, मार्चमध्ये गेलं तर गटसचिवाला बोलायला वेळ नाही. जानेवारी-फेब्रुवारीत गेलं तर तो स्वतः कर्जखतावणी दाखवतो. जिनिंगला कापसाचा हंगाम चालू असतानाच जावं, एप्रिलमध्ये तिथे फक्त वॉचमन भेटतो.

कागद चार: कॉलेजचं विनंतीपत्र, संस्थेचं संमतीपत्र, रोजची दैनंदिनी, शेवटचं प्रमाणपत्र. सर्वांत जास्त अडतं ते प्रमाणपत्रावर. ‘एक महिना काम केले’ एवढंच लिहून आणतात. तास लिहिलेले हवेत, ‘१२० तास’, आणि पासून-पर्यंत तारखा. दैनंदिनीतल्या तासांची बेरीज तेवढीच यायला हवी. रविवारी, किंवा ओजेटी सत्र ५ ला घेतली असेल तर पोळ्याला, काम केल्याची नोंद असली की परीक्षक पुढचं पान उलटत नाही.

ठेचा_भाकर
पोळ्याच्या दिवशी बैलाची ओजेटी असते भाऊ.

पूर्णाकाठ
चौथ्या वर्षाबद्दल बोला. ऑनर्स करावं की तीन वर्षांवर बाहेर पडून एमएला जावं?

सातबारा
दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार वर्षांची ऑनर्स पदवी, आणि संशोधनासह ऑनर्स. दुसऱ्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. हा हिशोब सत्र ४ च्या निकालानंतर लगेच करा. ७.५ सीजीपीए (सगळ्या सत्रांची ग्रेड-सरासरी) धरू, आणि सगळ्या सत्रांचे क्रेडिट सारखे मानू. चार सत्रांची सरासरी ७ असेल तर सहा सत्रांना एकूण ४५ हवेत, २८ झाले, उरलेल्या दोन सत्रांत १७. म्हणजे दोन्ही सत्रांत ८.५. हे झेपणारं आहे का ते पोराला समोर बसवून विचारा. ‘प्रयत्न कर’ म्हणून मोकळं होऊ नका.

कुठे जोर लावायचा तेही क्रेडिटवरून ठरतं. २२ क्रेडिटच्या सत्रात ४ क्रेडिटच्या पेपरचा ग्रेड ६ वरून ८ वर नेला तर एसजीपीए (एका सत्राची ग्रेड-सरासरी) ०.३६ ने वाढतो. २ क्रेडिटच्या पेपरात तेवढीच मेहनत केली तर ०.१८. पोरं ओईत फुल्ल मार्क घेण्याच्या नादात मेजरचा पेपर कच्चा ठेवतात.

सीमांत
आणि गावातल्या कॉलेजात चौथं वर्ष असेलच असं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागलं तर खोलीभाडं धरा. चार वर्षांनंतर एमए एका वर्षाचं, तीन वर्षांनंतर दोन वर्षांचं, म्हणजे एकूण वर्षं सारखीच. चौथ्या वर्षाचा फायदा त्यालाच, ज्याला थेट नेट (प्राध्यापक पात्रता परीक्षा) किंवा पीएचडीकडे जायचं आहे आणि ७५ टक्के आहेत. बाकीच्यांनी तीन वर्षांवर पदवी हातात घ्यावी. ज्युनिअर कॉलेजात शिकवायचं असेल तर एमए-बीएड लागणारच आहे.

पूर्णाकाठ
इथे माझं मत वेगळं. तीन वर्षांवर बाहेर पडलेलं पोरगं एमएला जातंच असं नाही. घरी बसतं, वावर सांभाळतं. चौथं वर्ष त्याच कॉलेजात असेल तर ते अडकून राहतं हे चांगलंच.

सीमांत
अडकवण्यासाठी पदवी वाढवायची हा काही शैक्षणिक सल्ला नाही. 🙂 पण पोरींच्या बाबतीत तुमचं म्हणणं नाकारत नाही.

गवळाऊ
पोरींवरून. दुसऱ्या वर्षात लग्न ठरतं, सासर दुसऱ्या विद्यापीठाच्या हद्दीत. अकोल्याची पोरगी गोंदियाला जाते, म्हणजे अमरावती विद्यापीठातून नागपूर विद्यापीठात. चंद्रपूर-गडचिरोली असेल तर गोंडवाना. तेव्हा शिक्षण सोडू नका, पण घाईने टीसीही काढू नका.

क्रम असा: आधी नव्या कॉलेजकडून लेखी घ्या की जागा आहे आणि तोच मेजर-मायनर चालतो. मग दोन्ही विद्यापीठांचे विषय शेजारी ठेवून समकक्षता तपासून घ्या. त्यानंतर टीसी आणि स्थलांतर प्रमाणपत्र. बदली वर्षाच्या सुरुवातीला, विषम सत्रात करा, मधल्या सत्रात जीव मेटाकुटीला येतो. बॅक (न सुटलेला पेपर) राहिलेली असेल तर जुन्या विद्यापीठातून आधी सोडवा.

नाव बदलायची घाई करू नका. आधारवर सासरचं नाव आणि गुणपत्रिकेवर माहेरचं, की अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) जुळत नाही, क्रेडिट बँकेत (क्रेडिट जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्यात) क्रेडिट दिसत नाहीत, शिष्यवृत्ती अडकते. पदवी होईपर्यंत एकच नाव चालू द्या. स्पेलिंगचा फरक असेल तर दहावीची गुणपत्रिका मूळ माना आणि आधार तिच्याप्रमाणे करून घ्या.

सोडावंच लागलं तर पहिल्या वर्षाच्या ४०-४४ क्रेडिटवर सर्टिफिकेट आणि दुसऱ्याच्या ८०-८८ वर डिप्लोमा मिळू शकतो, पण त्यासाठी ४ क्रेडिटचा जादा कौशल्य अभ्यासक्रम लागतो हे कोणी सांगत नाही. परत यायचं तर तीन वर्षांच्या आत, आणि सगळं मिळून सात वर्षांत पूर्ण करायचं.

हिवाळी_उन्हाळी
चांगली पोस्ट. भर घालतो: क्रेडिट बँकेत डिजीलॉकरमधून स्वतः लॉगिन करून पाहा. कॉलेज म्हणतं ‘टाकले’, तिथे दिसतात शून्य.

रोडगे_वांगे
बॅकवाल्यांचं सांगा. एक बॅक असली की पोट्टं अर्धं कॉलेज सोडते.

वाघूर्डी
बॅक म्हणू नका, अनुशेष म्हणा. विदर्भाच्या अनुशेषाचा, म्हणजे विकासात मागे राहिल्याचा, दांडेकर समितीने १९८४ मध्ये हिशोब मांडला. पोरांचा अनुशेष मांडायला समिती तरी लागत नाही.

ठेचा_भाकर
मांडला, भरला कुठे?

सातबारा
विनोद बरोबर जागी लागला. कारण इथेही मांडणं आणि भरणं वेगळं.

बॅक कोणती यावर क्रम ठरवा. सत्र १ चं सूक्ष्म अर्थशास्त्र राहिलं असेल तर ते सगळ्यांत आधी, त्याच्यावर पुढचं अर्धं मेजर उभं आहे. व्हीईसी किंवा आयकेएसचा दोन क्रेडिटचा पेपर अभ्यासाला सोपा, पण तोही विसरू नका, कारण तिसऱ्या वर्षात प्रवेशाला पहिलं वर्ष पूर्ण सुटलेलं हवं अशी अट अनेक ठिकाणी असते. एटीकेटीचा (बॅक ठेवून पुढच्या वर्षात जाण्याचा) नियम ऐकीव माहितीवर सांगू नका. विद्यापीठाचा त्या अभ्यासक्रमाचा अध्यादेश काढा आणि पोराला त्यातली ओळ दाखवा.

हिवाळी परीक्षेत सत्र ३ चे पेपर आणि सत्र १ ची बॅक एकाच आठवड्यात येतात. वेळापत्रक आलं की दोन्ही एका कागदावर घ्या. एकाच दिवशी एकाच वेळी दोन पेपर आले तर लगेच कॉलेजमार्फत परीक्षा विभागाला कळवा.

आणि जुन्या पॅटर्नची पोरं. आपल्याकडे संलग्न कॉलेजांत नवा आराखडा २०२४-२५ पासून आला. त्याआधीच्या पोरांची बॅक असेल तर जुन्या पॅटर्नची परीक्षा कायम होत नाही, संधी मोजक्या असतात. त्यांना फोन करून बोलवा, ते कॉलेजात दिसत नाहीत.

कास्तकार_पोट्टा
स्वयमवरून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून, एखादा पेपर करता येते काय? आपल्या कॉलेजात अर्थमिती शिकवायले कोणी नाही.

सीमांत
येतो. यूजीसीच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयमवरून घेता येतात. पण सत्र सुरू होण्याआधी कॉलेजने तो पेपर कोणत्या रकान्यात धरायचा हे लेखी मान्य केलं पाहिजे. आधी कोर्स करून मग प्रमाणपत्र घेऊन आलात तर ते फाइलला लागतं, गुणपत्रिकेला नाही. परीक्षा केंद्र तालुक्याला मिळेल अशी आशा ठेवू नका, जिल्ह्याच्या गाडीचा हिशोब धरा.

रोडगे_वांगे
शिष्यवृत्ती?

हिवाळी_उन्हाळी
महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) दुसऱ्या वर्षापासून ‘नूतनीकरण’ असतं. पोरं नवीन खातं उघडून नवा अर्ज भरतात, दोन्ही अडकतात. जुन्याच लॉगिनने जा. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत पाहा. बँक खातं आधारला ‘जोडलं’ म्हणजे एनपीसीआयला (सरकारी पैसे आधारवरून खात्यात वळवणाऱ्या यंत्रणेला) मॅप झालं असं नाही, बँकेत ते वेगळं विचारा. एवढं पुरे, यावर वेगळा धागा आहे.

पऱ्हाटी
मंडळी, भरपूर झालं, पण पंधरा मिनिटांचा प्रश्न तसाच आहे. सगळ्यांचं एकत्र करून अशी वाटणी करतोय: खतावणी पाच मिनिटं, सीमांत यांची दोन गणितं सहा मिनिटं, बॅक आणि फॉर्मचे कोड दोन मिनिटं, उरलेल्या दोन मिनिटांत पुढे काय.

सीमांत
दोन मिनिटांत पुढचं होत नाही. खतावणी पोराने घरून मांडून आणावी. चुकीची मांडली तरी चालेल, कुठे चुकली त्यावरूनच कळतं त्याला काय माहीत नाही ते. पाच मिनिटं वाचली.

गवळाऊ
आणि पोरीसोबत वडील किंवा भाऊ आला असेल तर शेवटची दोन मिनिटं तिच्याशी एकटीशी बोला.

पऱ्हाटी
हे दोन्ही घेतो. कोरा तक्ता करतोय, रकाने सातबारा यांनी सांगितले तेच. ओई आणि एईसी शेजारी ठेवू की लांब?

सातबारा
लांब. शेजारी ठेवले की एकाचे क्रेडिट दुसऱ्यात भरतात.

ठेचा_भाकर
शेताच्या धुऱ्यावरून भांडण तिथूनच सुरू होते बाप्पा.